दशावतारी गंजिफा (साहित्य आणि संग्रह)

फरीदाबादमधील सूरजकुंड येथे १९८७ पासून भरणाऱ्या हस्तकला मेळ्यासारख्या ठिकाणी हस्तकलेची वस्तू शोभेसाठी विकत घेतली जाते. सावंतवाडीची गंजिफा मात्र त्या नजरेने पाहिली की अर्धीच कळते, कारण तिचे साहित्य आणि चित्रे पत्त्यांच्या खेळाच्या गरजेतून ठरली आहेत. कागदाच्या किंवा कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून गोल चकत्या कापतात, त्यांवर रंगकाम करून लाखेचा थर देतात. पाने हातात सरकावीत, ओली झाली तरी बिघडू नयेत म्हणून ही खटपट. पाठी एकरंगी, म्हणजे पान ओळखू येऊ नये. विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा, अशी १२० पाने होतात. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवे, परशुरामाचे परशू एवढ्याशा वर्तुळात क्षणात मोजता येतील असे मांडावे लागतात. अंकांच्या पानांपैकी पाच रंगांत दश्शी वरचढ, उरलेल्या पाचांत एक्का. दिवसा रामाच्या रंगाने डाव सुरू होतो, रात्री कृष्णाच्या.

इतके नियम आता कोण लक्षात ठेवणार, शोभेच्या मागणीनेच कारागीर जगतो, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे, आणि ग्राहकाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. पण बाबराने १५२७ मध्ये सिंधला गंजिफा पाठवली ती खेळायलाच. खेळ विसरला की चौकटीत लावायला दहा पाने पुरतात, मग उरलेली ११० कोण रंगवील?