स्वमग्नता व एडीएचडी : निदान-चाचण्या

स्वमग्नता (ऑटिझम) आणि एडीएचडी (अवधानाचा अभाव व अतिचंचलता) या मेंदूच्या जडणघडणीशी निगडित असलेल्या अवस्था रक्ततपासणीत वा एमआरआयमध्ये सापडत नाहीत. निदान होते ते निरीक्षण, मुलाखत आणि गुणांकन यांवरून. बारामती-इंदापूरसारख्या तालुक्यांत पहिली चाळणी अंगणवाडीत लागते. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी तेथील बालके वर्षातून दोनदा तपासणे अपेक्षित आहे. रस्त्याने उसाची बैलगाडी चालली, तर मूल बोट दाखवून आईकडे पाहते का, हाकेला वळते का, हे प्रश्न कळीचे. श्रवणचाचणीही हवीच, ऐकू न येणारे मूलही वळत नाही. स्वमग्नतेसाठी भारतात ‘आयसा’ ही 40 बाबींची मापनश्रेणी वापरतात. 70 पासून पुढचे गुण स्वमग्नता दर्शवतात.

एडीएचडीची लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. अवधानाचा अभाव किंवा अतिचंचलता यांपैकी एका गटातील सहा लक्षणे मुलांत लागतात, 17 वर्षांपासून पुढे पाच पुरतात. प्रौढांचे निदान अधिक अवघड. जुनी प्रगतिपुस्तके आणि आईची आठवण यांवर बरीच भिस्त असते. शांत, तंद्रीत राहणाऱ्या मुली तर सहज निसटतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, एडीएचडी नाही.