गोव्याच्या सीमेवरील जकात

सावंतवाडीची लेक पेडण्यास दिली, तर ती परदेशीं गेली असें माहेरीं कोणी म्हणत नसे. भाषा तीच, दैवतेंही बहुधा तींच. परंतु जकातीच्या दप्तरास सोयरीक ठाऊक नसते.

इ. स. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहान्वयें १८८० पासून दोन्ही मुलखांमधील जकात उठली. मात्र गोव्याचें मीठ इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. त्याबद्दल पोर्तुगीज सरकारास सालीना चार लक्ष रुपये मिळूं लागले. मिठागरांत राबणाऱ्याच्या वाट्यास त्यांतलें काय आलें, हें त्या तहांत शोधूं नये! १८९२ त मुदत सरली आणि नाकीं पुन्हां उभीं राहिलीं. मुरगांवहून घाट चढणाऱ्या आगगाडींतील उतारूचें गांठोडें मग दोनदां सुटे: कुळ्यास पोर्तुगीज अंमलदारापुढें, कॅसलरॉकला इंग्रजापुढें.

पुढें १९५५ त स्वतंत्र भारतानें गोव्याची आर्थिक कोंडी केली व ही आगगाडीच थांबली. तें धोरण न्याय्य होतें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु पोर्तुगालच्या हट्टाचा भार लिस्बनपेक्षां अधिक पडला तो सीमेवरील आप्तांवर. भाचीच्या लग्नास जावयाचें तरी आधीं परवान्याचा अर्ज! डिसेंबर १९६१ त गोवा मुक्त झाला, तेव्हां कोठें कुळ्याचें नाकें निकामी झालें.