शिवजन्मतिथी आणि सत्याची सापेक्षता

सत्य सापेक्ष आहे काय, हा प्रश्न फार जुना आहे. ज्याला जे जसे भासते ते त्याच्यापुरते खरे, असा पक्ष ग्रीस देशात प्रोटॅगोरसने मांडला. प्लेटोने त्यावर आक्षेप घेतला की, हे मतच ज्याला खोटे वाटते त्याच्यापुरते ते खोटे ठरते, त्याची वाट काय? परंतु या वादाची परीक्षा करायला पुणेकरांना अथेन्सला जाण्याचे कारण नाही. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद आपल्या घरचाच आहे.

बखरींच्या आधारे शके १५४९ चा वैशाख, म्हणजे इ. स. १६२७, हा जन्मकाळ दीर्घकाळ मानला जात होता. १८९६ साली रायगडावर उत्सव झाला तोही वैशाखातच. पुढे १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, आणि अस्सल कागदाखेरीज बोलायचे नाही ही शिस्त रुजू लागली. १९१६ साली कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली प्रसिद्ध झाली. तीत जन्मतिथी होती फाल्गुन वद्य ३, शके १५५१. हा कागद उजेडात आणला तो लोकमान्य टिळकांनी. शिवजयंतीचा उत्सव उभारण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांनीच त्या उत्सवाच्या तिथीला धक्का देणारा पुरावा लोकांपुढे ठेवला! पुढे महाराजांच्या समकालीन परमानंदाचे शिवभारत छापले गेले. त्यातही हीच तिथी निघाली.

आता या फाल्गुन वद्य तृतीयेकडेच पाहा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तर हिंदुस्थानात तो पौर्णिमेला संपतो. म्हणून काशीचा पंचांगकर्ता त्याच दिवसाला चैत्र वद्य तृतीया म्हणेल. जुन्या ज्युलियन गणनेने तो १९ फेब्रुवारी १६३०, तर आजच्या ग्रेगोरियन गणनेने १ मार्च १६३०. एका दिवसाला चार नावे, आणि चारही खरी! येथे सापेक्षता आहे, आणि तिच्याविषयी भांडण्याचे कारण नाही. जैनांचा स्याद्वाद हेच शिकवतो. घट मातीच्या दृष्टीने टिकणारा आणि आकाराच्या दृष्टीने नाशवंत. पण एकाच दृष्टीने तो दोन्ही आहे, असे स्याद्वाद म्हणत नाही.

परंतु शके १५४९ आणि शके १५५१ ही एका दिवसाची दोन नावे नव्हेत. कोणतेही पंचांग लावले तरी दोन्ही खरी होणार नाहीत. जिजाबाईंच्या पोटी शिवबा एकदाच जन्मले. मग १९१६ पूर्वी १६२७ साल सांगणारे विद्वान खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. त्यांच्याजवळच्या साधनांवरून ते तसे मानणे योग्यच होते. मानणे योग्य होते. म्हणून मानलेली गोष्ट खरी होती असे मात्र नव्हे. आपला पुरावा काळाप्रमाणे बदलतो, घडलेली गोष्ट बदलत नाही. सापेक्षवादाची सारी गफलत या दोहोंची गल्लत करण्यात आहे.

१९६६ साली महाराष्ट्र सरकारने या प्रश्नावर समिती नेमली; तीत एकमत झाले नाही. पुढे शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. एकमत न होणे हा सत्य नसल्याचा पुरावा नव्हे. उलट, सत्य एक आहे असे दोन्ही पक्ष मानत होते, म्हणूनच वाद होऊ शकला. ज्याचे सत्य त्याच्यापाशी असते, तर समिती कशाला आणि कागद तरी कशाला?

यात केवळ एका तिथीचा प्रश्न नाही. प्रत्येक जातीचे, पक्षाचे, पिढीचे सत्य वेगळे असे एकदा ठरले, की पुराव्याची किंमत संपते आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा इतिहास खरा ठरतो. दुबळ्या माणसापाशी सत्ता नसते, संख्या नसते. त्याच्यापाशी एखादा जपून ठेवलेला कागद असतो. त्या कागदाला मोल आहे, ते सत्य कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही म्हणूनच.

आजही कोणी शिवजयंती तिथीने करतात, कोणी तारखेने. तो पंचांगाचा भेद आहे. दोघांनीही आनंदाने उत्सव करावा. मात्र साल कोणते, असा प्रश्न आला की मत विचारू नये, पुरावा विचारावा.