झाशी : जून १८५७ मधील सत्तांतर

उत्तर प्रदेशातील झाशी येथे जून १८५७ च्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल होता. महिनाअखेरीस कारभार राणी लक्ष्मीबाई पाहत होत्या. मधल्या हत्याकांडाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न पुढे राणींच्या भवितव्याशी निगडित झाला.

झाशीचे नेवाळकर राजघराणे मराठी होते. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. आदल्याच दिवशी दत्तक घेतलेल्या दामोदररावांचा वारसाहक्क गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी नामंजूर केला आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले.

५ जून १८५७ रोजी छावणीतील बंगाल पायदळाच्या १२ व्या पलटणीतील शिपायांनी दारूगोळा व खजिना असलेली गढी ताब्यात घेतली. दुसऱ्या दिवशी घोडदळाचे स्वारही उठावात उतरले. कॅप्टन डनलॉप मारले गेले. सुपरिंटेंडेंट कॅप्टन स्कीन यांच्यासह युरोपीय कुटुंबांनी शहराच्या किल्ल्यात आश्रय घेतला. ८ जून रोजी जीविताची हमी मिळाल्यावर ती बाहेर आली. सर्वांना झोकनबागेत नेऊन ठार करण्यात आले. स्त्रिया आणि मुलांसह मृतांची संख्या साठच्या आसपास सांगितली जाते.

शिपाई दिल्लीकडे निघून गेले. त्यानंतर १२ व १४ जून रोजी राणींनी सागर विभागाचे कमिशनर मेजर अर्स्किन यांना पत्रे पाठविली. शिपायांनी धमकावून पैसा उकळला, हत्येशी आपला संबंध नाही आणि जिल्ह्यात अराजक माजले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अराजकाची तक्रार निराधार नव्हती. घराण्यातीलच सदाशिवरावांनी त्याच सुमारास करेऱ्याचा किल्ला घेऊन गादीवर हक्क सांगितला. राणींच्या सैन्याने त्यांना हुसकावले.

इंग्रज अधिकारी येईपर्यंत राणींनीच जिल्ह्याचा कारभार पाहावा, असे अर्स्किन यांनी २ जुलै रोजी कळविले. कलकत्त्याच्या सरकारने या व्यवस्थेस मान्यता दिली. मात्र राणींची हकिकत खोटी आढळल्यास त्यांना संरक्षण मिळणार नाही, अशी मेखही मारून ठेवली. या पत्रांवरून राणी प्रथमपासून कंपनीच्या बाजूच्या होत्या असा निष्कर्ष काहींनी काढला आहे. परंतु फौज अपुरी आणि शत्रू दाराशी, अशा स्थितीत लिहिलेली ती पत्रे आहेत, हे विसरता येत नाही.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांच्या फौजेने झाशीला वेढा दिला, तेव्हा कंपनीच्या लेखी राणी हत्याकांडाच्या दोषी ठरल्या होत्या.