एक नंबर वरचा जेट

कार्बोरेटरचा जेट पितळेचा असतो आणि कागदाच्या पुडीत विकला जातो. करंगळीच्या नखाहून लहान तुकडा, मधोमध सुई जेमतेम शिरेल असं भोक आणि अंगावर कोरलेला एक आकडा. नाना पेठेतल्या आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात वडिलांनी हे जेट होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत भरून आकड्यांप्रमाणे मांडले होते. ‘गाडी बनवायची’ पुण्यातली हौस मी त्या बाटल्यांमागे बसून पाहिली, आधी शाळेच्या सुट्टीत आणि नंतर दुकान माझ्याकडे आल्यावर. पोर्टिंगच्या आणि पुंगळी काढलेल्या सायलेन्सरच्या गोष्टी सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. त्यानंतर पेट्रोलचं काय करावं लागलं, ते सांगणारा क्वचितच.

वडिलांच्या उमेदीच्या काळात गिऱ्हाईक मुख्यतः तीन प्रकारचं. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१पासून बनणारी जावा पुढे १९७३च्या सुमारास येझदी झाली. तिच्यावर चेकोस्लोव्हाकियाच्या घराण्यातला जिकोव्ह कार्बोरेटर. बुलेटवर अमल. हे नाव १९२७ साली इंग्लंडमधल्या अमॅक, ब्राऊन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन कार्बोरेटरवाल्यांच्या एकीतून निघालेलं. आणि बजाजच्या स्कूटरवर इटलीच्या डेलोर्टो पद्धतीचा. तिन्हींचे जेट दिसायला भावंडं, पण आकड्यांचा हिशोब निराळा. डेलोर्टोच्या जेटवर १०० लिहिलं असेल, तर भोक एक मिलिमीटरचं. अमलच्या जेटवर १८० असेल, तर तो भोकाचा व्यास नव्हे. मिनिटाला साधारण तेवढे घनसेंटिमीटर पेट्रोल त्यातून वाहतं. म्हणून कुणी नुसता आकडा सांगून जेट मागितला की वडील आधी विचारायचे, “गाडी कुठली?” मेस्त्री मंडळींना त्याचा राग यायचा.

त्या गाड्यांशी फारशी छेडछाड होत नसे. बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकलं, क्वचित हेड थोडं कापून घेतलं, की संपलं. खरा धंदा सुरू झाला तो आरएक्स १००मुळे.

एस्कॉर्ट्सने यामाहाची ही गाडी १९८५च्या अखेरीस बाजारात आणली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. कार्बोरेटर मिकुनीचा, २० मिलिमीटरचा. टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे वॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, पिस्टन स्वतःच उघडतो आणि झाकतो. पोर्टचा काठ कानशीने वर सरकवला की इंजिनाचा स्वभाव पालटतो. त्यासाठी कारखाना लागत नाही, धीट माणूस आणि कानस पुरते. त्यात सायलेन्सरची भर. एक्झॉस्टचा पाइप मध्ये फुगवून पुन्हा आवळला, तर त्यातून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये लोटते. हे शास्त्र पूर्व जर्मनीत त्शोपाऊ गावी वाल्टर काडेन यांनी एमझेडच्या रेसच्या गाड्यांवर पक्कं केलं. त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनाने १९६१ साली २५ हॉर्सपॉवर गाठली होती. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पळून पश्चिमेकडे गेला, हे ज्ञान सुझुकीला पोचलं, आणि १९६२चं ५० सीसीचं विश्वविजेतेपद सुझुकीवर बसून डेग्नरनेच मिळवलं. पंचवीस वर्षांनी त्याच विद्येची ओबडधोबड नक्कल गॅस वेल्डिंगने जोडून पुण्यातल्या आरएक्सखाली लटकू लागली. काडेन यांचं नाव इथे कुणाला ठाऊक नव्हतं, पण लाट आपलं काम करत होती.

आता इंजिन जास्त हवा ओढतं. कार्बोरेटरला हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याचे जेट कारखान्याने मूळ इंजिनासाठी ठरवलेले. त्यात हौशी माणूस एअर फिल्टरही काढून फेकतो. फिल्टरचा अडथळा गेला की कार्बोरेटरमधली ओढ मंदावते, हवा वाढते आणि पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. मिश्रण लीन होतं. लीन मिश्रण गरम जळतं आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला थंड ठेवण्याचं बरंचसं काम आत येणाऱ्या त्याच मिश्रणाकडे असतं. मग पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो किंवा त्याच्या माथ्यालाच भोक पडतं. यातली वाईट गोष्ट अशी, की लीन गाडी बिघडण्याआधी सुरेख पळते. हलकी वाटते, रेस द्यावी तशी उसळते, मालक खूश. रिच, म्हणजे पेट्रोल जास्त झालेली गाडी मात्र धूर काढते, घुटमळते, प्लग काळा मारते, म्हणून तिच्याकडे लक्ष जातं. माझ्या काउंटरवर तुटक्या रिंगा घेऊन आलेल्या बहुतेक पोरांचं पहिलं वाक्य एकच असायचं, “ताई, काल तर एकदम मस्त चालत होती.”

जाणता मेस्त्री आधी मेन जेट बघायचा, कारण थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर त्याचंच राज्य. जेट मुद्दाम मोठा घालून सुरुवात करायची आणि एकेक नंबर खाली यायचं. उलट दिशेने गेलात तर पिस्टनच्या पैशाने शिकाल. पहाटे हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्यावर गाडी न्यायची, फुल थ्रॉटलवर थोडं अंतर पळवायची आणि त्याच क्षणी क्लच दाबून इग्निशन बंद. गाडी घरंगळत थांबली की प्लग खोलायचा. चिनी माती पांढरीफटक असेल तर जेट लहान, काळी ओली असेल तर मोठा, बदामी असेल तर जमलं. इंजिन सावकाश बंद करून प्लग बघितला तर तो आयडलिंगची हकीकत सांगतो, वेगाची नाही. एवढी एक गोष्ट न कळलेले मेस्त्री वर्षानुवर्षं प्लग बघत राहिले.

मेन जेटनंतर नीडल. तिला पाच खाचा. क्लिप खाली घेतली की नीडल वर उचलली जाते आणि पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंत पेट्रोल वाढतं. गावातली गाडी चालते ती बहुतेक एवढ्यातच, म्हणून गिऱ्हाईकाचं समाधान नीडलवर ठरतं. शेवटी आयडलिंगसाठी पायलट जेट आणि स्क्रू. या स्क्रूने फार घोळ घातला आहे. स्कूटरच्या कार्बोरेटरवर तो बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. आरएक्सच्या मिकुनीवर तो हवेच्या वाटेत बसलेला, त्यामुळे बाहेर काढला की हवा वाढते आणि मिश्रण लीन होतं. स्कूटरवर हात बसलेला माणूस आरएक्सकडे वळला की नेमका उलटा पिळायचा.

सगळे नंबर तेव्हा मिळत नसत. मग जेट झाळून नव्याने भोक पाडायचं किंवा आहे तेच सुईने वाढवायचं. असे जेट जुन्या कार्बोरेटरबरोबर फिरून दुकानात परत यायचे. आकडा शंभरचा, भोक देवाला ठाऊक. वडील त्यांना ‘खोटं नाणं’ म्हणत आणि वेगळ्या बाटलीत टाकत. विकत मात्र नसत.

आणि घाट. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. तेवढ्या चढात हवा आठेक टक्के विरळ होते. कारखान्याची गाडी हे निमूट सोसते, कारण तिचं सेटिंगच सैल असतं. धारेवर आणून ठेवलेली गाडी पसरणी घाटात जड व्हायची आणि मालक मेस्त्रीला शिव्या द्यायचा. त्यात धोका काही नाही. धोका मुंबईकडे उतरताना. खाली हवा दाट, जेट तोच, मिश्रण लीन आणि गाडी, वर म्हटलं तशी, सुरेख पळते. हवेचा हा हिशोब शर्यतवाले लिहून ठेवायचे. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. तिथे जाऊन आलेल्यांनी बरोबर काय आणलं असेल, तर वही: दिवस, ऊन, मेन जेट, नीडलची खाच. वही ठेवणारा मेस्त्री आणि न ठेवणारा मेस्त्री हे दोन वेगळे धंदे आहेत, असं माझं मत आहे.

या सगळ्यावर वेताळ टेकडीवरून नजर होती, असं म्हणायला हरकत नाही. त्या टेकडीवरची एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था १९६६पासून पुण्यात आहे, आणि गाडीच्या धुराची मान्यता तिथे मिळते. धुराचे नियम १९९१मध्ये आले, १९९६मध्ये कडक झाले आणि त्याच वर्षी आरएक्स १०० बंद झाली. रस्त्यावरच्या गाड्यांना धुराचं प्रमाणपत्र, म्हणजे पीयूसी, लागू होतंच. दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड तेव्हा साडेचार टक्क्यांच्या आत लागायचा, आणि तपासणी फक्त आयडलिंगला व्हायची. मेस्त्रींनी हे लगेच ओळखलं. पीयूसीच्या आधी एअर स्क्रू अर्धा आटा बाहेर, कागद हातात आला की परत आत. मेन जेटला कुणी काही विचारतच नव्हतं.

मग फोर-स्ट्रोक आल्या. २००१ साली पल्सर आली. तिच्या कार्बोरेटरमध्ये स्लाइड थेट केबलने नाही, तर ओढीने वर जाते. २००६मध्ये हीरो होंडाने ग्लॅमर एफआय आणली, २००७मध्ये बजाजने पल्सर २२० फ्युएल इंजेक्शनसह. गंमत अशी, की २००९मध्ये तीच २२० कार्बोरेटर लावून परत आली, किंमत कमी आणि ताकद किंचित जास्त घेऊन. आमच्या पेठेत त्या दिवसांत लोक फार खुशीत होते. खुशी टिकायची नव्हती. १ एप्रिल २०२०ला धुराचे बीएस सहा नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांत मी नाही. इंजेक्शनच्या गाडीला सायलेन्सर बदलल्यावर लॅपटॉप लावतात, डायनोवर पळवतात आणि प्रत्येक आरपीएमला, प्रत्येक थ्रॉटलला किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता भरतात. एका प्लगच्या रंगावरून सगळ्या इंजिनाचा अंदाज बांधण्यापेक्षा ते कितीतरी नेमकं आहे. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर मिश्रण १४.७ला एक या प्रमाणावर ओढून आणतो. पूर्ण ताकदीला साडेबारा-तेराला एक लागतं, ते तक्त्यातून द्यावं लागतं. खोड मात्र जुनीच: आधी सायलेन्सर बसवायचा, महिन्याभराने पेट्रोलची आठवण.

बाटल्या आता माळ्यावर जातील असं मी धरून चालले होते, तेवढ्यात ऊस आला. पेट्रोलमध्ये इथेनॉल आधी दहा टक्के होतं, २०२५पर्यंत ते वीस टक्के झालं. त्यातलं बरंच आपल्याच साखर कारखान्यांचं. शुद्ध पेट्रोलला जळायला स्वतःच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊच पट. वीस टक्के मिसळलं की हिशोब साडेतेरावर येतो, म्हणजे तेवढ्याच हवेला आठेक टक्के इंधन जास्त हवं. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या जोरावर बरंचसं सावरून घेते. जपून ठेवलेली आरएक्स सावरत नाही. तिच्या जेटला ऊस कळत नाही. तिचे मालक आता पिकल्या केसांनी काउंटरवर येतात, प्लग पांढरा मारतोय म्हणून सांगतात आणि मेन जेट मागतात, एक नंबर वरचा. फ्लोटचं पॅकिंगही बदलून घ्या म्हणते, इथेनॉलने जुनं रबर फुगतं. त्यावर मात्र घासाघीस करतात.