छातीतल्या कळेचा माग

चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच, छातीत आवळल्यासारखी कळ येते आणि थांबताच ती ओसरते. हे वर्णन लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डेन यांनी 1768 मध्ये तिथल्या रॉयल कॉलेजपुढे मांडले आणि या विकाराला ‘अंजायना पेक्टोरिस’ हे नाव दिले. त्यांच्याजवळ यंत्र नव्हते; रुग्णाचे बोलणे नीट ऐकणे, हेच निदान. कळेचे मूळ हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत आहे, हा संबंध एडवर्ड जेन्नर यांच्यासारख्यांना शवविच्छेदनातून जाणवला.

विसाव्या शतकाच्या आरंभी नेदरलँड्समधील लायडन येथे विलेम आइंटहोव्हेन यांनी हृदयाची विद्युतस्पंदने यंत्राने नोंदवली. रुग्ण दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. यंत्र मात्र खोलीभर पसरलेले. 1924 चे नोबेल त्यांना मिळाले. त्याच काळात, 1912 मध्ये, अमेरिकेतील जेम्स हेरिक यांनी दाखवले की, धमनीत गुठळी होऊनही रुग्ण जगू शकतो.

1958 मध्ये क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स तपासणी करत असताना रंगद्रव्य चुकून थेट हृदयधमनीत गेले. रुग्ण बचावला आणि त्या चुकीतून हृदयधमन्यांची अँजिओग्राफी घडली. पुढे रॉबर्ट ब्रूस यांनी ट्रेडमिल चाचणी रूढ केली. शतकाच्या अखेरीस हृदयस्नायूची इजा दाखवणारी ट्रोपोनिनची रक्तचाचणी आली. तरीही डॉक्टरांचा पहिला प्रश्न हेबर्डेन यांचाच राहिला : कळ कधी येते आणि कशाने थांबते?