लेखिकेची साक्ष आणि ज्ञानकोशाचा पुरावा

विकिपीडियावरच्या लेखकांविषयीच्या नोंदींबाबत एक मत साहित्यवर्तुळात जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. लेखकाबद्दल अखेरचा शब्द लेखकाचाच मानावा, असे ते मत. ते मांडणारे लोक पुस्तकांवर मनापासून प्रेम करणारे आहेत. म्हणून आधी त्यांची बाजू, तिचे बळ जराही कमी न करता, मांडतो. कादंबरी कशावरून सुचली हे लिहिणाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? हयात लेखक स्वतः सांगत असताना एखाद्या अनोळखी संपादकाने ‘संदर्भ हवा’ म्हणून त्याला परत पाठवावे, हा उद्धटपणा नव्हे काय? आणि नोंद कुमारवाचकांसाठी लिहिणाऱ्या कादंबरीकाराची असेल, तर एवढी उलटतपासणी हवीच कशाला?

या पक्षाचा हुकमी साक्षीदार म्हणजे फिलिप रॉथ. ‘द ह्यूमन स्टेन’ (2000) या त्यांच्या कादंबरीच्या नोंदीत समीक्षक अनातोल ब्रॉयार्ड यांच्या आयुष्याशी असलेल्या साम्याचा उल्लेख होता. कादंबरी ज्यावरून सुचली तो प्रसंग आपले मित्र, प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ मेल्विन ट्यूमिन यांच्यावर गुदरला होता, असे रॉथ यांचे म्हणणे. दुरुस्ती मागितली तेव्हा त्यांच्याकडे दुय्यम संदर्भ मागण्यात आला. सप्टेंबर 2012 मध्ये ‘न्यूयॉर्कर’ने त्यांचे अनावृत पत्र छापले आणि विकिपीडियाचे जगभर हसे झाले.

पण या प्रकरणातून सिद्ध काय झाले? ट्यूमिन यांच्याबद्दल रॉथ सांगतात ते मी खरे मानतो. तरीही काही समीक्षकांना त्या कादंबरीत ब्रॉयार्ड दिसले होते, हीसुद्धा घडलेली गोष्ट आहे. ती पुसण्याचा अधिकार लेखकाला कोणी दिला? शिवाय पत्र छापून येताच रॉथ यांचे म्हणणे नोंदीत आले. म्हणजे नियमाने त्यांचे तोंड बंद केले नव्हते. त्याने एवढेच मागितले होते, की जे म्हणायचे ते कोणालाही पाहता येईल अशा ठिकाणी, आपल्या नावानिशी म्हणा. 2005 साली पत्रकार जॉन सीगेनथेलर यांच्या नोंदीत कोणी अनामिकाने त्यांचा संबंध केनेडी यांच्या हत्येशी जोडला आणि तो मजकूर काही महिने तसाच राहिला. ते पाहिलेल्या संपादकांनी ‘मी अमुक लेखक बोलतो आहे’ या शब्दावर विसंबावे काय? लेखकाने स्वतःच्या संकेतस्थळावर केलेले विधान त्याच्याविषयीच्या माहितीसाठी विकिपीडिया स्वीकारतोच. त्याच्या प्रमुख अटी अशा, की त्याच्या अस्सलपणाबद्दल शंका नसावी आणि ते अवाजवी आत्मस्तुतीचे नसावे. लेखकाला बोलूच देत नाही असा जो नियम झोडपला जातो, तो मुळात अस्तित्वातच नाही.

आता प्रतिपक्षाने कधीही न बोलावलेली साक्षीदार. बिएट्रिस स्पार्क्स (1917–2012). कुमारवाचकांच्या दोन-तीन पिढ्यांवर या अमेरिकन लेखिकेने गारूड केले. 1971 साली ‘गो आस्क ॲलिस’ प्रसिद्ध झाले. अमली पदार्थांत बुडालेल्या एका मुलीची खरी डायरी, लेखिका ‘अनामिक’, अशी त्याची ओळख होती. पुढे स्पार्क्सबाई संपादिका म्हणून पुढे आल्या. आपण मानसोपचारतज्ज्ञ आहोत, डायरी खऱ्या मुलीची आहे, असे त्या सांगत राहिल्या. 1979 मध्ये अभ्यासक ॲलीन पेस नील्सन यांनी त्यांना मूळ डायरीबद्दल विचारले. उत्तर मिळाले, की काही भाग उतरवून घेताना नष्ट केला आणि उरलेला प्रकाशकाच्या तिजोरीत आहे. ती डायरी कोणी पाहिली नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या दप्तरी मात्र या पुस्तकाची लेखिका म्हणून खुद्द स्पार्क्सबाईंचे नाव आहे. त्या जी डॉक्टरेट मिरवत, तिचा पुरावा शोध घेणाऱ्यांना मिळाला नाही. आज पुस्तकाच्या प्रतींवर ते काल्पनिक असल्याचे छापलेले असते.

त्यांच्याच ‘जेज् जर्नल’ची (1979) कथा याहून जिव्हारी लागणारी आहे. युटा राज्यात एका मुलाने आत्महत्या केली होती. त्याच्या आईने मोठ्या विश्वासाने त्याची डायरी स्पार्क्सबाईंच्या हाती दिली. पुस्तक निघाले तेव्हा त्यात सैतानपूजा आणि जादूटोणा होता. तो मजकूर आमच्या मुलाचा नव्हेच, असे कुटुंबाने सांगितले. मूळ डायरीतल्या फार थोड्या नोंदी त्या पुस्तकात आल्या होत्या.

वाचकहो, आता न्याय तुम्ही करा. ‘अखेरचा शब्द लेखकाचा’ हा दंडक लावला असता, तर स्पार्क्सबाईंच्या नोंदीत काय उरले असते? एक मानसोपचारतज्ज्ञ, तिची ‘खरी’ रुग्ण आणि एका मृत मुलावर कायमचा बसलेला सैतानपूजेचा शिक्का. त्या आईची बाजू कुठे आली असती? कुठेच नाही.

यावर कोणी म्हणेल, की वर्तमानपत्रे तरी कुठे अचूक असतात! आक्षेप रास्त आहे. 1971 मध्ये अनेक परीक्षकांनी ‘गो आस्क ॲलिस’ खरी डायरी मानूनच वाखाणले होते. पण त्यांची चूक उघडी कशी पडली? लेखिकेच्या शब्दापलीकडे जाऊन कोणी प्रश्न विचारले, दप्तरे तपासली, म्हणून. माझा आग्रह पत्रकाराला लेखकापेक्षा मोठे मानण्याचा नाही. तपासता येईल अशा विधानाला, न तपासता येणाऱ्या विधानाच्या वर बसवण्याचा आहे. लेखकाचे म्हणणे ‘लेखकाच्या म्हणण्यानुसार’ असे लिहून जरूर द्यावे. घडलेली गोष्ट म्हणून ते द्यायचे, तर त्याला वेगळा आधार हवा.

हा आग्रह विकिपीडियासाठीच का? मराठी विश्वकोशातल्या नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचे नाव असते आणि मागे संपादक मंडळ उभे असते. वाचक त्या नावावर भरवसा ठेवू शकतो. विकिपीडियात तसे नाव नाही. तिथे भरवशाचा सारा भार तळटीप पेलते. ती काढून घेतली, तर वाचकापाशी उरते काय?

राहिला ‘कुमारांसाठीच तर लिहितात’ हा मुद्दा. तो मला सर्वांत अमान्य आहे. प्रौढ वाचक प्रस्तावनेवर शंका घेतो. चौदा वर्षांची मुलगी ‘ही खरी डायरी आहे’ हे वाक्य खरेच मानते आणि त्यावरून जगाबद्दल मत बनवते. जिथे वाचक कोवळा, तिथे पुरावा अधिक कडक हवा.

मराठी कुमारसाहित्यिकांच्या नोंदी लिहिणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती. तुमच्या आवडत्या लेखकाबद्दलचे एखादे वाक्य कोणी संदर्भाअभावी उडवले, तर भांडू नका आणि लेखकाच्या घरून फोनही करवू नका. जुना दिवाळी अंक काढा, छापील मुलाखत शोधा, आणि अंकाचे नाव, वर्ष व पृष्ठक्रमांक यांसह ती चर्चापानावर मांडा.